चॉकलेटच्या किटलीवरची माशी

ड्रेस्डेन, पानगळीतला रविवार

ती. दादास,

धाकट्या हेडविगचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल. नसेल तर त्यांना मधातून कांद्याचा रस दे (त्या घेणार नाहीत, तरी दे). इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे काहीच ठीक नाही.

आपल्या टेक्लाला मागणी आली आहे. बेनो नावाचा मुलगा, माइसनच्या चिनीमातीच्या कारखान्यात फुलं रंगवतो. पहिल्याच भेटीला येताना त्याने चॉकलेट प्यायचा सगळा संच आणला: उंच किटली, कप, खोलगट बशा. शेजारीण तर बशी उलटी करून खालची कारखान्याची निळ्या तलवारींची खूण पाहून गेली आणि तेव्हापासून माझ्याशी गोड बोलते आहे. माझं लक्ष मात्र किटलीवरच्या माशीकडे. गुलाबाशेजारी माशी, झाकणावर भुंगा, कानापाशी फुलपाखरू. आमच्या ह्यांचा जन्म त्याच कारखान्याची भट्टी राखण्यात गेला, तेव्हा मला कोण फसवणार? भट्टीत जिथे फोड येतो, डाग पडतो, तिथेच चितारी एखादा किडा बसवतो. होणाऱ्या सासूला द्यायच्या भांड्यावर ज्याने एवढे किडे बसवले, त्याने स्वतःवर किती बसवले असतील?

म्हणून मी त्याला पुन्हा कॉफीला बोलावलं. आपल्याकडची कॉफी तुला ठाऊकच आहे, इतकी पातळ की तिच्यातून कपाच्या तळाचं फूल दिसलं पाहिजे. त्याने फूल नीट पाहिलं आणि कॉफी छान झाल्याचं सांगितलं. (खरं बोलणारा माणूस असं म्हणूच शकत नाही.) मग मी सरळ माशीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हिच्याखाली काय दडवलंय?"

"फोड आहे काकू," तो म्हणाला. "भुंग्याखाली चीर आहे. बिनखोटीचा माल आम्हाला कुठला परवडायला? टेक्लाला सगळं दाखवलंय मी."

टेक्ला खाली मान घालून हसत होती. आता तूच सांग, विचारल्याबरोबर जो एवढं कबूल करतो, तो आत केवढं झाकून बसला असेल? माझा ह्या लग्नाला साफ नकार आहे.

तुझी,
हेडविग

ता. क. बेनो तुला भेटायला येणार आहे. टेक्लाचं वय विचारलं तर सव्वीस सांग. मी तेच सांगितलंय.

दुसरा ता. क. टेक्लाने पत्र वाचलं. म्हणते, चौतीस पूर्ण झाल्याचं तिने त्याला केव्हाच सांगून टाकलंय. तरीही तो लग्नाला तयार आहे. ह्यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

तिसरा ता. क. ती पाव आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. दादा, ही गेली की दुपारची कॉफी एकटीने प्यायची मला भीती वाटते. माइसनला बेनोच्या घरी चुलीमागे एक लहानशी खोली रिकामी आहे म्हणतात. ती कोणासाठी ठेवली आहे, एवढं त्याला विचार. माझं नाव काढू नकोस.