रविवारपर्यंत थांब

काचीगुडा, हैदराबाद
१० नोव्हेंबर १९९५

ती. सुलभाताईस त्रिवेणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेस म्हणून धाकट्या बहिणीचीही परीक्षा घेतेस. घे उत्तरं. सातवा सरत आला. मध्यंतरी उठलं की चक्कर यायची, ती गेली. पाय इतके सुजलेत की विक्रमच्या चपला घालून फिरते. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे सगळ्याच सुजायच्या, मुलगा आहे. बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नाही. सकाळी आरशात तोंड बघितलं तर फुगलेल्या पुरीसारखं. डोकं सारखं दुखतं, आणि परवा डोळ्यांपुढे काजवे चमकले. हसू नकोस.

विक्रमनं सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनी धरली, तेव्हापासून तो निम्मा महिना विजयवाड्याकडे असतो. बाळंतपणासाठी नव्या खासगी दवाखान्यात एसी खोली सांगून ठेवलीय आणि गल्लीभर ते सांगूनही झालंय. तपासणी मात्र दोन महिने राहिलीच. तो आला की गाडीनं नेणार आहे.

माया आहेच, थोडी वाढवून पाठव.
तुझी
त्रिवेणी

नांदेड
१४ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. त्रिवेणीस अनेक आशीर्वाद.

हसले नाही. काल फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, त्रिवेणी झोपलीय, मजेत आहे. म्हणून लिहिते, नीट वाच.

पोटातलं मूल अर्धं तुझं आणि अर्धं विक्रमचं, म्हणजे तुझ्या शरीराला निम्मं परकंच. एरवी परकं काही आत आलं की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. इथं ते सांभाळून घेतं, त्याला जागा करून देतं. त्याच्यासाठी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, पातळ होतं, हृदय जास्त राबतं, रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणून मधल्या महिन्यांत दाब उतरतो. तुझी चक्कर त्यातलीच. पाय थोडे सुजणंही चालतं. पण या सगळ्यात कुठे बिनसलं तर वाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. तोंडावरची सूज, डोकेदुखी, काजवे ही त्याची लक्षणं आहेत. मग आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

विक्रमची वाट बघू नकोस. जवळच्या सरकारी प्रसूतिगृहात जा, दाब आणि लघवी तपासून घे. आजच. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

तुझ्या काळजीत असलेली
ताई

काचीगुडा
२५ नोव्हेंबर १९९५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला तार मिळालीच असेल. बाकीचं मी लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विक्रमला फोन लावला. तो म्हणाला, सरकारी दवाखान्याच्या गर्दीत कशाला, रविवारपर्यंत थांब. शनिवारी सकाळी न्हाणीघरात मला आकडी आली. शेजारच्या नीलिमाताईंनी रिक्षात घालून त्याच सरकारी प्रसूतिगृहात नेलं. तिथल्या लोकांनी मला वाचवलं. मुलगी होती, ताई. मी शुद्धीवर येईपर्यंत विक्रम आणि मामंजी तिला पुरून आले होते. तिचं तोंड कसं होतं ते विचारलं, तर विक्रम म्हणाला, त्यानं बघितलं नाही.

भेटायला येणाऱ्या बायकांना सासूबाई सांगतात, "हिच्या अंगाला आमचं रक्त मानवलं नाही." विक्रम तिथंच बसलेला असतो. सात महिने मानवलं, हे त्यानं एकदाही म्हटलं नाही. काल रात्री मला समजावत होता, की एसी खोलीचं काही वाया जात नाही, पुढच्या वेळी होईल.

मी म्हटलं, "पुढची वेळ नाही."

त्याला वाटलं, मी थकलेय.

शनिवारच्या गाडीनं नांदेडला येते. एकटीच येते. परत कधी येणार, असं मामंजींनी विचारलं. मी ट्रंक भरत राहिले.

एक तुलाच सांगते. मला दूध आलंय. सासूबाईंनी घट्ट बांधायला जुनं धोतर फाडून दिलं, तरी पोलकं भिजतं. शरीराला अजून कुणी कळवलेलं नाही.

आता माया लिहून नको, घरात जागा दे.
तुझी
त्रिवेणी