पिकअपला दम का लागला

प्रिय ठमे,

हे पत्र बघून तू आधी दचकशील आणि मग जावईबापूंना हाक मारशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन मुद्दामच केला नाही. तू फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरत बसतेस आणि माझं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं. आज मला फक्त तुझ्याशी बोलायचंय. तेव्हा चहा करून घे आणि निवांत बस, कारण आईला आज खूप काही सांगायचंय.

मागच्या वेळी तू आली होतीस तेव्हा आपलं काय ठरलं होतं, आठवतंय ना? पिकअपचं इंजिन गेलं की मी गाडी विकायची आणि मुकाट्याने तुझ्याकडे राहायला यायचं. तू माझ्या हातावर टाळी मारून ते वदवून घेतलंस. मीही ऐटीत हो म्हणाले, कारण ते इंजिन इतक्यात जात नाही अशी माझी खात्री होती. तुझ्या बाबांनी त्या गाडीला कसं जपलं ते मी पाहिलंय. ते गेल्यावर मी स्टिअरिंग हातात घेतलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, बाई आता टाइल्स वाहणार का म्हणून. मी त्यांच्या नाकांकडे बघत बसले नाही, समोर रस्त्याकडे बघितलं. एवढी वर्षं त्या गाडीने मला एकदाही तोंडघशी पाडलं नाही.

आणि मध्यंतरी तीच गाडी कुरकुरायला लागली. रिकामी असली, रस्ता सपाट असला, की काही नाही. पण टाइल्स भरून टेकडीवरच्या नव्या घरांकडे निघाले की चढावर तिला दम लागायचा. जो चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढायची, तिथे दुसरा टाकावा लागायचा, मग पहिला. मी ॲक्सिलरेटर पार खाली दाबून बसलेली आणि ही आपली रखडतेय. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. एकदा तर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि वर वळून हातही केला! असा संताप आला म्हणून सांगू!

गाडी ढापण्याकडे नेली. तुझ्या वर्गातला तो ढापण्या आता बडा मिस्त्री झालाय, चष्मा मात्र आणखी जाड झालाय. त्याने जीव तोडून काम केलं बिचाऱ्याने. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला. टर्बोचा होज, म्हणजे हवेची रबरी नळी, इंच इंच दाबून कुठे चीर आहे का बघितलं. सायलेन्सर तुंबलाय का ते बघितलं, ब्रेक चिकटतायत का म्हणून चाकं उचलून हाताने फिरवून पाहिली. हवा कमी पडत असती तर काळा धूर आला असता काकू, तुमचा धूर तर स्वच्छ आहे, असं म्हणत डोकं खाजवत बसायचा. प्रत्येक वेळी काम झालं की स्वतः भरलेली गाडी घेऊन चढावर जायचा आणि परत येऊन सांगायचा, मस्त ओढतेय काकू, बिनधास्त न्या. मी बसले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गाडी त्याच्याकडे असली की मी शेजारच्या सीटकव्हरवाल्यांच्या दुकानात बसायचे. तुला आठवत असतील ते, तुझ्या सायकलच्या सीटला त्यांनी लाल कव्हर शिवून दिलं होतं. आता एकटेच असतात. बोलतात कमी, पण ऐकतात मनापासून, आणि मला तर बोलायला कुणीतरी हवंच असतं. अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर डबा उघडून बसायचं आणि जगाची गाऱ्हाणी सांगायची, त्यात आपली ती टाळीची गोष्टही आलीच, असं आमचं पुष्कळ दिवस चाललंय. गाडी धड चालत होती तेव्हा एकदा मी सहज म्हणाले होते की इंजिनाची धग खालच्या पत्र्यातून येते आणि टाचा भाजून निघतात. ते टेप घेऊन उठले, केबिनमध्ये वाकून मापं घेतली आणि आठवड्याभरात पायाखाली घालायला मॅट शिवून आणली. तळाला रबर, मध्ये सोफ्याचा फोम, वर गडद निळं रेक्झिन आणि कडेने पांढरा दुहेरी टाका. ढापण्या तर बघतच राहिला. माझ्या केबिनला अशी शोभा कधीच आली नव्हती.

तर गाडी ढापण्याच्या हातात चालते आणि माझ्या हातात रडते. याचा अर्थ काय घ्यायचा, तूच सांग. मला वाटायला लागलं, दोष गाडीत नाही, माझ्यातच आहे. पायात पूर्वीचा जोर राहिला नसेल. ढापण्याने एक दिवस दबकत विचारलं, काकू, गुडघे बरे आहेत ना? मी त्याच्यावर खेकसले आणि घरी येऊन गुपचूप गुडघे दाबून बघितले. खरं सांगते ठमे, मी घाबरले. इंजिन गेलं तर गाडी विकायची असं ठरलं होतं, बाईच गेली तर काय, ते आपण ठरवलं नव्हतं. तुझ्याकडे काय काय आणायचं म्हणून कपाटही आवरायला घेतलं. सीटकव्हरवाल्यांना तसं सांगितलं. ते बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.

शेवटी मी हट्टच धरला. ढापण्याला म्हटलं, तू चालव, मी शेजारी बसते, बघू तरी तू असं काय करतोस. त्याने दार उघडलं, वाकून ती मॅट अलगद काढली, गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. जरा धरा काकू. का रे? तर म्हणे, एवढं सुंदर काम, त्यावर माझे ऑइलने माखलेले बूट कसे ठेवू? मी दर वेळी काढूनच बसतो आणि उतरताना जागच्या जागी घालतो.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये झोकात चढली. मी मांडीवरच्या मॅटकडे बघितलं, मग त्याच्या बुटाकडे. वर पोचल्यावर गाडी थांबवायला लावली, मॅट पुन्हा घातली आणि हाताने ॲक्सिलरेटर दाबून बघितला. अर्ध्यावर जाऊन तो फोमवर टेकला. मला वाटायचं मी तो तळापर्यंत दाबतेय, आणि तो मुळी तळाला जातच नव्हता! आम्ही दोघं इतके हसलो की ढापण्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पण हे सीटकव्हरवाल्यांना सांगायचं कसं? मी आपली आडवळणाने सुरुवात केली, तोवर त्यांनी माझ्या हातातली मॅट बघितली आणि सगळं ओळखलं. चेहरा एवढासा झाला. पेडल अडकून काही झालं असतं म्हणजे, एवढंच म्हणाले. मग कात्री घेतली, पेडलखालचा भाग अर्धगोल कापला आणि उरलेल्या कडेला तोच पांढरा दुहेरी टाका घालायला बसले. मान वर न करता म्हणाले, गाडी थकली तर तुम्ही लेकीकडे जाणार म्हणाला होतात. गाडीचं मला काही कळत नाही. तुमचे पाय थकू नयेत, एवढंच माझ्या हातात होतं, म्हणून जरा जाडच केली.

ठमे, मी जाऊ नये म्हणून शिवलेली मॅट मला तुझ्याकडेच पाठवायला निघाली होती. मी त्याच सोफ्यावर बसून रडले आणि मग मीच त्यांना विचारलं, आता यापुढे घरही एकच करायचं का. त्यांची सुई बोटात गेली, पण ते हो म्हणाले. तेच तुला सांगायला हे पत्र लिहितेय. गाडी उद्या खरोखरच मोडली, तरी मी येणार नाही. बाबांचा फोटो डॅशबोर्डवर आहे, तो तिथेच राहील, आणि त्यांची जागाही त्यांचीच राहील. पण मला या माणसाच्या सोबत बरं वाटतं, फार बरं वाटतं. तुला राग आला तर इथे येऊन भांड, मी पिकअप घेऊन स्टेशनवर येईन. पण रागावण्याआधी एक कर. त्या मॅटचा कापलेला अर्धगोल तुकडा पाकिटात घातलाय, तो अंगठ्याने दाबून बघ. एवढा फोम ते कुणाच्या सोफ्यालाही घालत नाहीत.

तुझीच हट्टी,
आई