लिन काकूंकडं बघून केलेलं भाषण

रवि. ४ मार्च २००७, प्लेनो, अमेरिका
लायब्ररीतल्या इंग्रजी क्लासला टीचरनी एकेक कागद दिलाय. इथल्या संसदेतली जुनी भाषणं. बुधवारी उभं राहून म्हणायचं. टीचरना विचारून प्रत्येक शब्दावर मराठीत उच्चार लिहून घेतला. अर्थ विचारायची लाज वाटली. हे शुक्रवारपर्यंत दुसऱ्या गावी, प्रोजेक्टला. चायनीज हा शब्द सारखा येतोय. लिन काकूंना बरं वाटेल. खालच्या मजल्यावरच्या चिनी काकू. त्यांच्याच गाडीतून मी नि माझी लहानगी चिमी क्लासला जातो. मला हायवे बघूनच घाम फुटतो. त्या नसत्या तर घरातच कोंडून बसले असते.

बुध. ७ मार्च
झालं एकदाचं! सगळं पाठ म्हटलं. शाळेत गुरुजी सांगायचे, भीती वाटली तर एक ओळखीचा चेहरा धरा, त्यालाच सांगा. काकू पुढंच, मांडीवर चिमी. त्यांच्याकडंच बघून बोलले. बोट पुढं करून, आवाज चढवून, अगदी पंधरा ऑगस्टसारखं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. येताना काकू गप्प. दमल्या असतील.

शुक्र. ९ मार्च
हे आले. कौतुकानं म्हणून दाखवलं. आधी हसले, "सिनेटरबाई, चहा टाका." मग कागद वाचला नि थांबले.
"हे कुणापुढं म्हणालीस?"
"काकूंपुढं. त्यांच्याकडंच बघून."
"अगं येडे!"
सव्वाशे वर्षांपूर्वी चिनी लोकांना ह्या देशात येऊ द्यायचं नाही असा कायदा करायचा होता, त्या वादातलं भाषण. हे लोक घाण, आपल्यात मिसळत नाहीत, आपली कामं खातात, ह्यांना येऊ देऊ नका. येऊ द्या म्हणणारेही होते, ते हरले.
मी म्हटलं, आपल्याबद्दल पण असं बोलतात का? "ऑफिसात एकजण बोलतो. हसत हसत." आमच्या व्हिसाच्या मुदतवाढीचं अजून काही आलं नाही. जेवण गेलं नाही.

सोम. १२ मार्च
ह्यांनी टीचरना फोन लावून दिला. त्यांना वाटलेलं मला सगळं कळतंय. काकूंनी त्यांना पूर्वी सांगितलेलं, पणजोबा इथं रेल्वेचे रूळ टाकायला आलेले. कायदा झाला, बायकोला आणता आलं नाही. परत भेट नाहीच.
आणि मी माझं पोर त्यांच्या मांडीवर देऊन, त्यांच्याकडं बोट करून...

मंगळ. १३ मार्च
सकाळी खाली गेले. शिरा घेऊन, चिमी कडेवर. दार उघडलं, आतली साखळी तशीच. सॉरी म्हटलं. पुढं इंग्रजी सुचेना, मग मराठीतच बोलत सुटले, रडले पण. मला अर्थ नव्हता हो माहीत. चिमीनं फटीतून हात घातला. त्यांनी तो धरून ठेवला बराच वेळ. माझ्याकडं बघितलं नाही.
डबा फटीतून जाईना, दाराशी ठेवून आले. उद्या बुधवार. गाडीतून नेणार का, विचारायचा धीर झाला नाही.