दुसरं स्वयंपाकघर

नाशिक, गुरुवार, मार्गशीर्ष १९३४

आज आमचं नवं बांधकाम बघायला एकटीच गेले, हौसेनं. माझं स्वयंपाकघर पूर्वेला, मोठ्या खिडकीचं, अगदी मी यांना सांगितलं होतं तसं. पण मागच्या बाजूला आणखी एक स्वयंपाकघर निघालं. आम्ही दोघंच, मग दोन कशाला?

गवंड्याला विचारलं. तो सहज म्हणाला, "सायेब म्हणले, धाकल्या बाईंचं येगळं करा. चैतात लगीन हाय ना?"

भिंतीला टेकले, तर ओला चुना पदराला लागला. म्हणजे गवंड्याला ठाऊक, मला नाही! मूल नाही, म्हणून दुसरी करायची. पण निदान मला सांगायचं तरी. सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? कोण जाणे. ते दुसरं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही.

संध्याकाळी हे कचेरीतून आले. मी विचारताच टोपी खुंटीला लावत म्हणाले, "तुझी खिडकी तर मोठी ठेवली ना?"

पान वाढलं आणि सांगितलं, उद्या मनमाडला भावाकडे जाते.

"वास्तुशांतीला येशील ना? पूजेला बसावं लागेल."

"धाकटीला बसवा," म्हटलं आणि ट्रंक भरायला घेतली.