उंबऱ्याबाहेरची पोसादा

रविवार, ७ डिसेंबर

काल लिहिलेलं दुरुस्त करते. आमची इमारत 'कुठल्याशा कंपनीनं घेतली' असं लिहिलं — चूक! विक्री अजून झालेली नाही. आणि विकणारे आहेत एवारिस्तो. माझे पाद्रिनो, धर्मपिता! बाप्तिस्म्याला मला हातांवर घेऊन उभे राहिले ते. वरच्या मजल्यावरच्या एलोदियामावशींना नाताळानंतर घर सोडायला सांगितलंय, तेही त्यांनीच.

सोमवार, ८ डिसेंबर

जेवताना पप्पांना विचारलं. ते टॉर्टिया मोडत राहिले. "देवासमोर ज्याच्या हातात लेकरू दिलं, त्याच्याशी भांडत नसतात."

बुधवार, १० डिसेंबर

चर्चच्या तळघरात भाडेकरूंची बैठक. आमच्या समितीची यादिरा म्हणाली, "यंदा आपली पोसादा, मरिया-योसेफाची नाताळाआधीची मिरवणूक, एवारिस्तोच्या दारात न्यायची. आपण बाहेरून गाऊन आसरा मागायचा, आतल्यांनी गाऊन हाकलायचं. नाहीतरी तेच चाललंय की!" सगळे हसले.

एलोदियामावशी म्हणाल्या, "मला मरियेच्या गाढवाचं काम द्या. ओझं वाहायची सवय आहे."

बाहेरून मरियेची कडवी मी म्हणावीत असं ठरलं. पण पाद्रिनोंच्या घरच्या पोसादाला दर वर्षी आम्ही आत असतो — त्यांच्या दिवाणखान्यात, हाकलणाऱ्यांच्या बाजूला. "बघते," एवढंच म्हणाले. भित्री!

शुक्रवार, १२ डिसेंबर

ग्वादालुपेच्या मातेचा सण. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रिनो भेटले. वाटलं, पोसादाचं कळलंय, आता ओरडतील. त्यांनी कपाळाचा मुका घेतला.

"ये ना गं पोरी, सगळ्यांना घेऊन ये! मी स्वतः दार उघडीन. पोसोले करतो, मोठं पातेलं भरून. यादिराला म्हणावं, फोटोवाला विसरू नकोस."

"आणि एलोदियामावशींचं घर?"

"सणासुदीला व्यवहार नको."

आत गेलो की खाणार. खाल्लं की आभार मानणार. मग पुढे बोलायला तोंड कुठलं?

शनिवार, १३ डिसेंबर

मला लिहायला येण्याआधी आईनं पोसादाची कडवी माझ्याकडून पाठ करून घेतली होती. आज सगळी पुन्हा म्हणून पाहिली. शेवटच्या कडव्याला दार उघडतं आणि सगळे आत जेवायला जातात. दार उघडल्यावर बाहेरच थांबायचं, असं एकही कडवं नाही! कोण थांबेल? उघडलेल्या दारातून आत न जाणं म्हणजे घरच्या अन्नाला पाय लावणं. आमच्याकडे असंच शिकवतात.

तरी यादिराला सांगितलं — एलोदियामावशींना काढणार नाही, असं पाद्रिनो सगळ्यांसमोर म्हणेपर्यंत आत जायचं नाही.

"या थंडीत? म्हाताऱ्यांना घेऊन?" मग तीच म्हणाली, "म्हाताऱ्या थांबतील. तुझंच सांग. पाद्रिनोनं 'पोरी' म्हटलं की तू विरघळतेस!"

'नाही' म्हणावंसं वाटलं, पण खोटं बोलायचं नव्हतं.

रविवार, १४ डिसेंबर

पाद्रिनो घरी आले होते. जाताना मला जिन्यात गाठलं. "नव्या मालकाशी बोललोय. बाकीचे गेले तरी तुमचं घर राहील. तुझ्या पप्पांना ठाऊक आहे. तू फक्त त्या दिवशी आत ये."

पप्पांना ठाऊक आहे!

पोसादा येत्या शनिवारी, २० डिसेंबरला. दार उघडेल तेव्हा पप्पा आत असतील. मी उंबरा ओलांडणार नाही.