सरकारी वकिलाचे भक्त

बाबा, तुम्हाला लिहायचं मी वर्षभर टाळलं. आधी पेन नव्हतं, मग केंटला सफरचंदं तोडायला गेलो, मग नॉटिंगहॅमला एका बँडचं सामान उचलत हिंडलो, तिथली पोरं मजेदार होती, पण ते राहू दे. आज तुम्हाला जाऊन बरोबर वर्ष झालं. सकाळी कोपऱ्यावरच्या फोनबॉक्समधून काकांना फोन केला. म्हणाले, "सैतानवाल्यांच्या घरात राहतोस, कळलंय मला. आधी सगळ्यांसमोर म्हण की सैतान सोडला, मग बापाची कद्दीश म्हण. नाही तर हॅरोला पाऊल टाकू नकोस." गेलेल्या बापासाठी मुलाने म्हणायची ती प्रार्थना, आणि तुमचा मुलगा मी एकटाच, हे त्यांना ठाऊक आहे. तरी म्हणालो, "नाही टाकत."

सैतान मला पहिल्यांदा दाखवला कोणी? तुम्हीच. हॅरोच्या आपल्या घरातलं स्वयंपाकघर, तुम्ही बांगडे साफ करताय, आईला बांगड्याला नारळाचं दूध हवंय आणि ते कुठेच मिळत नाहीये. मी शाळेतून शिंगंवाला सैतान ऐकून आलोय. तुम्ही हसता. "शिंगं कसली? अरे, तो देवाच्या कोर्टातला सरकारी वकील. आपल्यावर आरोप ठेवायचे, हेच त्याचं काम. नोकरमाणूस." मी विचारतो, "मग आपला वकील कोण?" तुमचा खवल्यांनी भरलेला हात गालावर बसतो. "देवाला उलट प्रश्न नाही." गाल धुतला, प्रश्न नाही धुतला गेला.

म्हणून आलो कॅमडेनच्या या घरी. सैतानवाले म्हणजे सगळे एकच, असं काकांना वाटतं. छे! आमच्यात तर तीन तऱ्हा. घराचा म्होरक्या पाद्र्याचा मुलगा. त्याचा सैतान खराखुरा, बंडखोर राजा. त्याच्यापुढे हा मेणबत्त्या लावून गुडघे टेकतो. वरच्या खोलीतली लाँड्रीत काम करणारी पोरगी म्हणते, देवही नाही न् सैतानही नाही, सैतान म्हणजे आपलाच ताठा, आपलंच शरीर. वर्षातला मोठा सण आपला वाढदिवस. आणि काळे झगे घालून रस्त्यावर मासिकं विकणारे दोघं कधीमधी चहाला येतात, त्यांच्या मते शेवटी ख्रिस्त आणि सैतान समेट करणार. त्यांचा कुत्रा फार गोड आहे.

दीक्षेच्या दिवशी म्होरक्या म्हणाला, "बाप्तिस्मा नाकार."

"माझा झालाच नाही. आम्ही ज्यू, बेने इस्राएल."

तो गोंधळला. "मग नाकारणार काय?"

वरची पोरगी खो-खो हसली. "घ्या! कौन्सिलच्या स्वस्त घरासारखं नरकातही याचं वेटिंग लिस्टवर नाव!"

मग त्याला सुचलं. "बापाची प्रार्थनेची शाल आहे ना तुझ्याकडे? तिच्यावर पाय दे." मी म्हणालो, "पाय तुझ्या छातीवर देईन." दीक्षा संपली.

तुमच्यासाठी नाही केलं मी ते, बाबा, फुगू नका. गुडघे टेकायचे नाहीत म्हणून घर सोडलं, तर इथेही गुडघेच! तुमचा देव म्हणतो वाक, याचा सैतान म्हणतो वाक, काका म्हणतात वाक. त्या पोरीचं म्हणणं मला निम्मं पटतं, निम्मं नाही. माझा वाढदिवस मलाच आठवत नसतो. पण सैतान सोडला असं म्हणणार नाही. धरलाच नव्हता, तर सोडू काय? कद्दीश म्हणायची तर ताठ उभं राहून, नाही तर नाही. तुम्ही असता तर दुसरा गाल लाल केला असतात. करा.

थांबा, खाली दार वाजतंय. पोरगी ओरडतेय, "तुझ्याकडे कोणी म्हातारा आलाय, पार धापा टाकतोय!"

काका आहेत. आत यायला तयार नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच हाक मारतायत, "चल रे बाबा, ट्रेन गाठायचीय. नऊच जण जमलेत, दहा पुरुष झाल्याशिवाय कद्दीश होत नाही."

"आणि सैतान सोडला म्हणायचं काय?"

"मरू दे त्याला. चल!"

हा कागद इथेच ठेवतो. कोणाला सांगू नका, पण प्रार्थनेची टोपी सकाळपासून माझ्या खिशातच आहे.