गाभण बैलांचं रक्त

९ मार्च, सकाळ

चि. ढब्बू यास,

आशीर्वाद. आपला गुडघा बरा आहे असं आईने फोनवर सांगितलं, म्हणजे तो बरा नाही. तुझ्या बायकोने विणलेला स्वेटर मला घट्ट होतो, पण तिला कळू देऊ नकोस.

साथीच्या तपासणीसाठी मागवलेल्या तुझ्या गोठ्यातल्या रक्ताच्या नळ्या मिळाल्या. बुचं घट्ट, वासरा-बैलांच्या नावांच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर सुवाच्य, रक्त निर्दोष. इतकं निर्दोष की मला खटकलं. गोठा म्हटला की कुणाला जंत असतात, कुणाला गोचीड लागलेली असते. तुझ्या नळ्या मात्र सगळ्या एकमेकींच्या जुळ्या.

म्हणून मी चष्मेवाल्याला, आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला, त्याच रक्ताची गाभण-तपासणी करायला लावली. तो कुरकुरला, "बाई, साथीचं काम सोडून आता बाळंतपणं?" संध्याकाळी चष्मा पुसत स्वतःच आला. "तुमच्या भावाचं अभिनंदन करा. त्याचे बैलसुद्धा गाभण आहेत."

सगळे हसले. मीही हसले, नाहीतर न हसण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

ती तुझी पांढरी गाय ना? मान धरली तरी शांत उभी राहणारी? सगळ्या नळ्या तिच्याच.

आधी वाटलं, आळस असेल. गुरांची बुळकांडीची साथ संपली, लस बंद झाली, आता कशाला वासरांच्या लाथा खायच्या, असं बरेच जण म्हणतात. मी सभासभांतून घसा फोडून सांगते, की आजोबांच्या काळात या रोगाने गोठेच्या गोठे ओस पाडले आणि नांगराला बैल उरला नाही म्हणून माणसं उपाशी मेली. तो गेला असं जाहीर केलं, तेवढ्याने तो गेलेला राहत नाही. लस न टोचलेल्या वासराच्या रक्तात त्याची खूण नाही, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. ते वासरू आपला साक्षीदार आहे. तू साक्षीदारच बदललास.

नुसता आळस असता तर तुझे कान उपटून मी गप्प बसले असते. पण आई बोलता बोलता म्हणाली, "त्याने मागच्या शेडला कुलूप लावलंय. म्हणतो, वासरं झोपलीत." भरदुपारी? तुझी वासरं दुपारी दावी तोडतात. मी विचारलं, "लाळ गळते का गं त्यांची?" ती गप्प झाली. आपली आई गप्प झाली, ढब्बू.

बुळकांडीत येतात तसे तोंडात फोड आले असणार. ते लाळ्या-खुरकुताच्या रोगातही येतात. बहुधा तसंच काही निघेल. वासरांचं खरं रक्त पाठवलं असतंस तर एव्हाना उत्तर हातात असतं. पण कळप मारून टाकतील म्हणून तू घाबरलास, आणि मला विचारलंही नाहीस. ताई आधी सरकारची, मग आपली, असंच ना?

परवा असंच पत्र लिहून मी टपालात टाकणार होते. मग मनात आलं, वाचून तू काय करशील? ट्रक बोलावशील, वासरं लांब कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन बांधशील. आणि ती खरंच बुळकांडी असली तर?

म्हणून काल वरिष्ठांना सगळं लिहून दिलं. बैलांचं, कुलपाचं, आपल्या नात्याचंही. ड्रायव्हर हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा तुझ्या गोठ्याकडचे दोन्ही रस्ते अडवलेले असतील. रक्त दुसरा डॉक्टर काढेल. तुझ्या गोठ्यात माझ्या हातावर कुणी भरवसा ठेवू नये, असं मीच सांगितलं आहे.

कुलूप तू स्वतः उघड. आईसमोर तोडायला लावू नकोस.

आणि ट्रक बोलावणार नव्हतास, असं म्हणायचं असेल तर बाहेर येऊन माझ्या तोंडावर म्हण. मी फाटकापाशी गाडीत बसलेली असेन. काच खालीच असेल.

तुझ्यावर विश्वास ठेवू न शकलेली,
ताई